साडीचोळी आणि आठ गुंठे

आलेलं पत्र, नाव-गाव काढून थोडक्यात:

"ताई, मी 38 वर्षांची. मालवण तालुक्यात माहेरीच राहते, नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, मुलगी नववीला आहे. पप्पा जाऊन चार वर्षं झाली, मृत्युपत्र काही केलेलं नव्हतं. घर आहे आणि घरालगत 24 गुंठे, त्यात माड, काजू, रस्त्याच्या कडेला थोडी मोकळी जागा. मागच्या पडवीच्या खोलीत आम्ही मायलेकी राहतो. दोन सीझन मी शेजाऱ्यांच्या मांडवात पर्यटकांना मच्छीची थाळी करून देते, बरं चाललंय, रस्त्याकडच्या जागेत स्वतःचं काहीतरी करावं, दोन खोल्या काढाव्या असं डोक्यात आहे. आता भाऊ म्हणतो हक्कसोडपत्रावर सही कर, तुला खोली आहेच, कोण बाहेर काढतंय. वहिनीने साडी पण आणून ठेवलीय. मावशी म्हणते ख्रिस्ती बाईने भावाशी जमिनीवरून भांडू नये, येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय, आहे त्यात समाधान मान. आई काहीच बोलत नाही. मी रोज रोझरी (जपमाळेची प्रार्थना) करते पण मन शांत होत नाही. माझी श्रद्धा कमी पडते का? सही करून मोकळी होऊ का?"

प्रिय बाय,

सही करू नकोस. निदान आत्ता तरी नको, पुढचं सगळं वाचून झालं की मग तुझं तू ठरव, पण या आठवड्यात कोणी गाडीत बसवून रजिस्ट्रार ऑफिसला न्यायला आलं तर पोट दुखतंय सांग, काहीही सांग, पण जाऊ नकोस.

एक गोष्ट पहिली सांगते कारण ती तुझ्या पत्रातच आहे आणि तुला दिसलेली नाही. नसलेला हक्क कोणी सोडून मागत नाही गं. भाऊ सही मागतोय, वहिनीने साडी आणलीय, म्हणजे त्या दोघांना पक्कं माहितीय की तुझा हिस्सा आहे. माहीत नाहीये ते फक्त तुला. आणि बहुतेक तुझ्या आईला, तिच्याकडे मी नंतर येते.

आपल्याकडे ही साडीचोळीची रीत किती जुनी आहे ते मी सांगायला नको. बहिणीला जेवायला बोलवायचं, हातात पिशवी द्यायची, आणि मग "एक छोटंसं काम होतं." आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. हिंदू घरांत चालतं तसं आपल्या ख्रिस्ती घरांतही चालतं, फक्त आपण वर दोन वचनं लावतो.

मला हे कसं माहीत, तर मी स्वतः केलंय. 1994 चा मे महिना, मी 26 ची, वडील जाऊन वर्ष झालं नव्हतं. तेव्हा फोटो-बिटो काही नव्हतं, शाईचं पॅड आणि रजिस्टर, त्या कारकुनाने माझा अंगठा धरून असा गोल फिरवला जसा काही तो अंगठा त्याचाच होता. पुसायला काही दिलं नाही म्हणून मी पदराला आतून पुसला. फिकट पिवळी साडी होती, तो जांभळा डाग शेवटपर्यंत गेला नाही. बाहेर आल्यावर भावाने मला लिंबू सरबत पाजलं आणि मी मनात म्हटलं, देवा, मी क्षमा केली, मी मोठं मन केलं. आणि त्यानंतर 11 वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही. नाताळला जायचे, नेवऱ्या घेऊन जायचे, हसायचे, आणि घरी येऊन दोन दिवस डोकं धरून बसायचे. ती क्षमा नव्हती, ती भीती होती. भाऊ तुटेल, लोक काय म्हणतील, फादर काय म्हणतील, ही भीती, आणि तिला मी श्रद्धेची ओढणी घातली होती. भाऊ तुटू नये म्हणून सही केली आणि सही केली म्हणूनच तो तुटला.

म्हणून तू विचारतेस ना की मन शांत का होत नाही, माझी श्रद्धा कमी आहे का, तर मला उलटं वाटतं. रोज रोझरी करून पण जी गोष्ट आत टोचत राहते ती कधीकधी देवानेच टोचत ठेवलेली असते.

आता मावशींकडे येऊया. त्या वाईट नाहीत, त्यांच्या पिढीला हेच शिकवलं. पण बायबल अर्धं वाचून चालत नाही.

गणना नावाचं पुस्तक आहे, जुन्या करारात, त्याचा 27 वा अध्याय काढ. आपल्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तो फारसा कधी ऐकू येत नाही. सलाफहाद नावाचा माणूस वारला, मुलगा नाही, पाच मुली. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. एवढ्या जुन्या गोष्टीत बायकांची नावं टिकली हेच आधी बघ, कारण त्यात कितीतरी बाया नुसत्या "अमक्याची बायको" म्हणून येऊन जातात. तर या पाच जणी मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या सरदारांसमोर आणि अख्ख्या मंडळीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसायचं, आम्हाला आमचा हिस्सा द्या. विचार कर, आपल्या ग्रामसभेत पाच बहिणी उठून असं बोलल्या तर काय होईल, आणि ते तर हजारो वर्षांपूर्वीचं. मोशेला काय उत्तर द्यावं कळेना, तो देवाकडे गेला. आणि देव काय म्हणाला? मुली बरोबर बोलताहेत, त्यांना द्या. समाधान माना, खोली आहे ना, असं काही म्हणाला नाही.

यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली, त्यांनी हिस्सा मागितला तेव्हा जमीन हातात आलेलीच नव्हती, यार्देन नदी अजून ओलांडायची होती, सगळे तंबूत. म्हणजे न दिसणाऱ्या जमिनीवर हक्क सांगितला, कारण देव ती देणार यावर त्यांचा इतरांपेक्षा जास्त विश्वास होता. दुसरी गोष्ट, यहोशवाच्या पुस्तकात, 17 व्या अध्यायात त्या परत येतात. मोशे गेलेला, नवा पुढारी आलेला, आणि या पुन्हा जाऊन सांगतात की बाबांनो, देवाने आम्हाला द्यायला सांगितलं होतं, आठवतंय ना. देवाचा निकाल लागला होता तरी दुसऱ्यांदा जावं लागलं! फेरफार, म्हणजे सरकारी नोंदीत नाव लागणं, झाला नव्हता म्हण ना. तेव्हा तलाठ्याकडे तुला तीन हेलपाटे पडले तर देवाने पाठ फिरवली असं समजू नकोस.

आता दुसऱ्या गालाबद्दल. गाल पुढे करणं हा माझा निर्णय असतो, मी मोकळी आहे म्हणून मी करते. कोणीतरी हनुवटी धरून माझा गाल वळवला तर ते काय येशूचं शिकवणं झालं नाही, तो तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि इथे तू एकटी नाहीस. नववीतल्या पोरीचा गाल पण तू पुढे करतेयस, तिला न विचारता.

मावशी बहुतेक प्रेषित पौलाचं पण काढतील, त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला 6 वा अध्याय, भावाने भावाला कोर्टात खेचू नये, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. हे आहे, मी त्याला बगल देणार नाही. पण लगेच पुढच्या ओळीत तो दुसऱ्या बाजूला पण झापतो, तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. ती ओळ मात्र कोणी कधी मावशींना वाचून दाखवली नसावी. आणि त्याच अध्यायात तो विचारतो की तुमच्यात भावाभावांचा निवाडा करेल असा एकही शहाणा नाही का. म्हणजे गप्प बसा असं नाही म्हणत तो, आधी घरातल्या शहाण्याकडे जा म्हणतोय. शिवाय स्वतः पौल काय करत होता बघ. फिलिप्पै गावात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं, आणि सकाळी निरोप पाठवला की सोडलंय, जा आता गुपचूप. तो गेला नाही! आम्ही रोमन नागरिक, आम्हाला उघड मारलं आणि आता चोरून घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं. आणि अधिकारी खरंच आले, माफी मागत. पुढे तर तो थेट कैसरापर्यंत, म्हणजे रोमच्या सम्राटापर्यंत, अपील करून गेला. हाच पौल म्हणतो की मी कुठल्याही परिस्थितीत समाधानी राहायला शिकलोय. त्याचं समाधान आणि मावशींचं समाधान एक नव्हे.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे तूच थोडं थांबून बघ. लूक 12 मध्ये गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. आणि येशू म्हणतो मला कोणी न्यायाधीश नेमलं, लोभापासून सांभाळा. हिस्सा घेऊ नको असं तो म्हणाला नाही, पण त्याचं बोट त्या माणसाच्या आत होतं. तसं तू पण विचार की मला जागा का हवी. तुझ्या पत्रात मला लोभ दिसला नाही, मला दिसली सुरमई तळणारी बाई जिला शेजाऱ्यांच्या मांडवातून स्वतःच्या मांडवात जायचंय. पण रस्त्याकडच्या जमिनीचे भाव ऐकून डोकं फिरतं, तारकर्ली-देवबागच्या बाजूला फिरलीस तर मी काय म्हणतेय कळेल, तेव्हा सांभाळ.

बरं आता व्यवहार. इथे ख्रिस्ती म्हणून तुझी बाजू किती भक्कम आहे ते ऐक.

आपल्याला लागू होतो तो 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा. त्यात मुलगा-मुलगी असा फरकच नाही. लोक म्हणतात मुलींना 2005 पासून हक्क मिळाला, तो हिंदू कायद्यातला बदल, आपला प्रश्न तिथे येतच नाही. मृत्युपत्र नसेल तर बायकोला एक तृतीयांश, आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांना सारखं. तुम्ही दोघंच भावंडं आहात असं मी पत्रावरून धरतेय, म्हणजे 24 गुंठ्यांत आई 8, भाऊ 8, तू 8. घरातही तसाच तिसरा हिस्सा. लग्न झालं म्हणून कमी होत नाही, नवरा गेला म्हणून वाढत नाही.

भाऊ म्हणेल तुझ्या लग्नात पप्पांनी एवढा खर्च केला, दागिने घातले. म्हणू दे. याच कायद्याचं 49 वं कलम सांगतं की बापाने जिवंतपणी मुलाला किंवा मुलीला जे दिलं ते नंतर हिश्श्यातून वजा करायचं नाही. आणि हो, पप्पांनी मृत्युपत्र केलेलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून "नव्हतं" हे नीट खात्री करून घे, घरातल्या ट्रंकेत कागद निघतात कधीकधी. जमीन पप्पांच्या एकट्याच्या नावावर होती की आजोबांच्या आणि चुलत्यांच्या सामाईकात, हेही बघ, आपल्याकडे एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही वर गेलेली.

तर पहिलं काम, सातबारा आणि 8अ (जमिनीच्या खात्याचा उतारा) काढ, ऑनलाइन मिळतो, आणि घराचा असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टीचा, ग्रामपंचायतीतून. भांडायचं नाही, कोणाला सांगायचं पण नाही, नुसतं बघायचं की चार वर्षांत वारस नोंद झालीय का आणि त्यात कोणाची नावं आहेत. नसेल झाली तर तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात कोणी म्हणत नाही) पप्पांचा मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज दे, आई, भाऊ, तू, तिघांची नावं. मग नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. भावाने तुम्हा दोघींना वगळून आधीच नोंद केली असेल तर प्रांताधिकाऱ्याकडे अपील असतं, घाबरायचं काही नाही पण मग मात्र वकील लागेल.

वकिलाचे पैसे कुठून आणू हे तू लिहिलं नाहीस पण मला ऐकू आलं. बायकांना सरकारकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट बायकांना नाही, 1987 चा कायदा आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, ओरोसला जिल्ह्याची आहे, आणि 15100 हा फोन नंबर आहे. फुकटचं म्हणजे पडेल असं समजू नकोस, जा आणि बोल.

हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की मोडायला दिवाणी कोर्टात जाऊन फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, किती वर्षं जातील देव जाणे. म्हणून म्हटलं, त्या गाडीत बसू नकोस.

आता भावाशी कसं बोलायचं. मत्तय 18 मध्ये येशूने क्रमच लावून दिलाय, आधी एकटी जा, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीसमोर. याच क्रमाने जा. वहिनी स्वयंपाकघरात कान देऊन असेल तेव्हा नको, त्याला काजूच्या बागेत गाठ, आणि पहिलं वाक्य हिश्श्याचं नको. पहिलं वाक्य हे असू दे की पप्पांच्या आजारपणात तू किती धावलास ते मी विसरले नाही. तुझ्या पत्रात तो सरळसरळ खलनायक नाही वाटत मला, चार वर्षं घर सांभाळतोय, विधवा बहिणीला ठेवून घेतलंय. त्याने हॉस्पिटलला घातलेले पैसे त्याला मांडायचे असतील तर मांडू दे, त्याचा हिशोब होऊ शकतो, कायद्याने नाही तरी मायेने. आणि मग शांत आवाजात सांग, मी सही करणार नाही, मला माझी जागा नावावर हवी, वाटणीपत्र करूया. एवढंच. कारण विचारलं तर सांग, मुलगी आहे. रडू आलं तर येऊ दे, पण त्या रडण्यात "बरं बाबा करते सही" असं म्हणू नकोस, मी तसंच म्हटलं होतं.

तो चिडेल. साडी परत जाईल, पडवीचा दरवाजा दोन दिवस आपटेल, पाण्याच्या पंपावरून कुरबुर होईल. तेव्हा फादर किंवा गावातला कोणी जाणता माणूस, ज्याला दोघंही मानता, त्याला मध्ये घे. फादर "जाऊ दे गं" म्हणाले तर त्यांना पण नम्रपणे गणना 27 उघडून दाखव, त्यांनी तो सेमिनरीत वाचलेलाच असतो.

हे सगळं करायला पावसाचे दिवस बरे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, थाळीचं काम थंड, तर ते दोन महिने कागदांना दे. आणि खोल्या बांधायचं एवढ्यात कोणाला बोलू नकोस. किनाऱ्याजवळ सीआरझेड आहे, म्हणजे बांधकामावर बंधनं, आणि छोट्या तुकड्याला तुकडेबंदीचा कायदा (जमिनीचे फार लहान तुकडे पाडू नयेत म्हणून असलेला) आडवा येऊ शकतो, तेव्हा वाटणी प्रत्यक्ष तोडायची की सामाईकात राहून रस्त्याकडची जागा तुझ्याकडे लिहून घ्यायची हे वकिलाला विचारून. नाव लागलं की मग पर्यटन खात्याच्या ऑफिसात जा, महिलांसाठी 2023 मध्ये "आई" म्हणून पर्यटन धोरण आलंय, त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार ठरलेल्या मर्यादेत परत देतं, अटी काय आहेत त्या तिथेच विचार.

आणि हे खरं सांगायला हवं की मी तुला निकालाची गॅरंटी देत नाहीये. श्रद्धा ठेव, धाडस कर, आठ गुंठे मिळणारच, असं सांगणारे यूट्यूबवर पैशाला पासरी आहेत, मी त्यातली नाही. दानीएलच्या पुस्तकातले ते तिघे, राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून आगीच्या भट्टीत टाकायला आणलेले, भट्टीसमोर उभे राहून काय म्हणाले, देव आम्हाला सोडवेल, आणि नाही सोडवलं तरी आम्ही वाकणार नाही. त्या "नाही सोडवलं तरी" वर माझा जास्त विश्वास आहे. कदाचित तुला आठाचे पाच मिळतील, कदाचित भाऊ दोन वर्षं बोलणार नाही. पण ते दोन वर्षं न बोलणं माझ्या 11 वर्षांच्या गोड बोलण्यापेक्षा बरं, हे मी शपथेवर सांगू शकते.

शेवटी आई. तू लिहिलंस "आई काहीच बोलत नाही" आणि पुढच्या वाक्यावर गेलीस. मी तिथेच अडकले. अख्ख्या पत्रात तिच्या हिश्श्याचा एक शब्द नाही, भावाच्या कागदातही नसणार किंवा तिचा अंगठा पण त्याच दिवशी उरकणार असतील, सुंठेवाचून खोकला गेला. ती बोलत नाही कारण तिला वाटतं की तिला बोलायला जागाच नाही, मुलाकडे जेवते, मुलीकडे बघून रडते. तिला कोणी सांगितलंच नसेल की त्या माडांतला तिसरा माड तिचा आहे.

भावाकडे जायच्या आधी तिच्याकडे जा. संध्याकाळी रोझरी झाल्यावर, दिवा असतानाच, तिला सांग की आई, यातले आठ गुंठे तुझे आहेत, पप्पांनी दिलेले नाहीत, कायद्यानेच तुझे आहेत. आणि ती काय म्हणते ते मला लिहून कळव, बाकीचं मग बघू.

तुझी,
ताई